"अंग दुखतं गं"



वस्तीत, गावात काम करताना "अंग दुखतं गं" हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की ते कानांवरून जातं. वय झालं, बाळंतपणं झाली, कामाचा ताण आहे, असं मनातच उत्तर देऊन आपणही मोकळ्या होतो.

जपानमध्ये तोयामा भागात हेच घडलं. जिन्झू नदीकाठच्या शेतकरी बायकांची हाडं इतकी कमजोर झाली की खोकल्यानंही मोडत. "इताई, इताई" म्हणजे "दुखतंय, दुखतंय" असं त्या विव्हळत. आजाराला तेच नाव पडलं. आधी कुपोषण आणि अतिश्रमाकडे बोट दाखवलं गेलं. खरं कारण नदीच्या वरच्या अंगाला, मित्सुई कंपनीच्या कामिओका खाणीत होतं. तिथलं कॅडमियम पाण्यातून भातखाचरांच्या मातीत, मातीतून भातात आणि भातातून पोटात गेलं. सरकारने हे मान्य केलं १९६८ साली. खटला पीडितांनी जिंकला १९७१ मध्ये, अपील १९७२ मध्ये. शेतांतली माती सुधारण्याचं काम मात्र २०१२ पर्यंत चाललं!

भात तर पुरुषांनीही खाल्ला होता. मग मान्य झालेल्या सुमारे २०० रुग्णांत जवळजवळ सगळ्या बायकाच का? एक तर पाठोपाठच्या बाळंतपणांनी त्यांची हाडं आधीच झिजलेली. शिवाय अंगात लोह कमी असलं की शरीर कॅडमियम जास्त शोषून घेतं. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. घरात शेवटी आणि कमी जेवणाऱ्या बाईला हे विष जास्त बाधतं, ते असं.

आपल्याकडे कारखान्यांच्या कडेला, नाल्याच्या पाण्यावर पालेभाजी पिकवणाऱ्या बायका कमी नाहीत. मृदा आरोग्य पत्रिकेत मातीचे १२ घटक तपासतात. शिसं, कॅडमियम, पारा त्यात नाहीत. म्हणजे हातात पत्रिका असूनही माती निर्धोक आहे की नाही, हे कळत नाही.

ही तपासणी मागायला हवीच. पण माती दूषित निघाली तर पहिला घाला भाजी विकणारीच्या पोटावर पडेल आणि भरपाई सातबारावर नाव असलेल्याला मिळेल. म्हणून कसणारीला भरपाई, ही मागणी तपासणीच्या मागणीबरोबरच करायची.

सुरुवात आपल्या वहीपासून करू या. पुढच्या आरोग्य शिबिरात कुणी "अंग दुखतं" म्हणाली, तर तिचं शेत कुठे, पाणी कुठलं, भाजी कुठली, हेही विचारू या. लिहून ठेवू या. आणि आम्हाला जरूर कळवा.

– संपादक मंडळ