झिप कुठे लपवली, ते बघा

यंदाच्या शिवण-आव्हानासाठी आम्ही ‘एखाद्या डिझायनरच्या कामावरून सुचलेला प्रयोगशील पोशाख’ हा विषय ठरवला. त्यावर जिंतूरच्या बाजारपेठेतून आलेला पहिला प्रश्न रास्त होता. मोबाईलवर फोटो दाखवून ‘अस्संच पाहिजे’ म्हणणारं गिऱ्हाईक रोजच दुकानात येतं. मग स्पर्धेसाठी आम्ही वेगळं काय करायचं?

फोटोवरून शिवणं हे कमी दर्जाचं काम आहे, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. पुढून काढलेल्या एका फोटोवरून पाठीचा कट ताडायचा, आणि मॉडेलच्या अंगावरचा गळा चाळिशीतल्या बाईच्या अंगावर बसवायचा, यालाही कसब लागतं. पण तिथे उत्तर आधीच ठरलेलं असतं. या आव्हानात आम्हाला आधीची पायरी पाहायची आहे. त्या डिझायनरपुढे कापडाची कोणती अडचण उभी होती आणि त्यानं ती कशी सोडवली, हे शोधा. मग तीच अडचण तुमच्या कापडात, तुमच्या पद्धतीनं सोडवा.

उदाहरणासाठी पॅरिसला जायला नको. कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेल्या भानू अथैय्या (माहेरच्या राजोपाध्ये) मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या. मासिकांसाठी फॅशनची चित्रं काढता काढता त्या पोशाखाकडे वळल्या आणि ‘सी.आय.डी.’पासून (१९५६) चित्रपटांत स्थिरावल्या. ‘गांधी’साठी जॉन मोलो यांच्यासोबत १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळालं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शिवणाऱ्या माणसानं मात्र त्यांचं दुसरं एक काम आधी पाहावं. ‘ब्रह्मचारी’ (१९६८) चित्रपटातल्या नाचासाठी मुमताजनं नेसलेली ती नारिंगी साडी.

अडचण साधी होती. साडी अंगालगत बसायला हवी, पाय मोकळे राहायला हवेत आणि वेगवान नाचात निरी सुटता कामा नये. नेसलेल्या साडीत या तीन गोष्टी एकत्र जमत नाहीत. अथैय्यांनी साडी नेसवण्याऐवजी शिवून टाकली, तिचे पदर जागच्या जागी पक्के केले आणि ती घालता-काढता यावी म्हणून झिप बसवली. पडद्यावर ती झिप दिसत नाही. पुढे लोक तिला ‘मुमताज साडी’ म्हणू लागले आणि गावोगावच्या बायकांनी ती शिवून मागितली. प्रयोग म्हणतात तो हा. रंग आणि काठ नंतर येतात.

आता आपल्या दुकानाकडे वळू. आज तालुक्याच्या गावातही शिवलेली नऊवारी हे नेहमीचं काम झालंय. शाळेचं स्नेहसंमेलन, लावणी, लग्नातली सीमांतपूजनाची साडी, सगळीकडे तिला मागणी असते. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड घ्यायचं, निऱ्या पट्ट्यावर बसवायच्या, काष्टा शिवून टाकायचा. ही अथैय्यांच्याच वाटेवरची शिवण आहे. शिवणारीला कुणी डिझायनर म्हणालं नाही, एवढंच. तरी एक तक्रार नोंदवतो. बाजारातल्या बहुतेक शिवलेल्या नऊवारी म्हणजे वरून निऱ्या जोडलेली विजार असते. उभं राहून फोटो छान येतो, पण मांडी घालून बसलं की गुडघ्यावर ताण येतो आणि काष्टा मागे ताठ उभा राहतो. नेसलेली नऊवारी अशी वागत नाही, कारण तिथे कापडाला सरकायला जागा असते. शिवूनही ती सरक कशी राखायची? हा प्रश्न अजून कुणी नीट सोडवलेला आमच्या पाहण्यात नाही. तो कुणी हातात घेतला, तर आमच्या मते आव्हानाचं निम्मं काम तिथेच झालं.

अथैय्यांकडून घेण्यासारखी दुसरी गोष्ट आपल्या मराठवाड्यातलीच आहे. वैजयंतीमालेच्या ‘आम्रपाली’साठी (१९६६) त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांचा अभ्यास केला. पहिल्या लेणीत महाजनक जातकाच्या चित्रात एक नर्तिका आहे. तिच्या अंगात लांब बाह्यांचं, शिवलेलं वस्त्र आहे. प्राचीन काळी आपल्याकडे शिवणच नव्हती, असं शिवणवर्गात बेधडक सांगणाऱ्यांनी ते चित्र एकदा जवळून पाहावं. अजिंठा लांब वाटत असेल, तर चारठाणा आपल्याच तालुक्यात आहे. तिथल्या जुन्या मंदिरांचं कोरीवकाम पाहताना देवतेचं नाव शोधण्याआधी कमरेची गाठ कुठे आहे, कापड कोणत्या बाजूनं आलंय आणि चुणी कुठे विरते, ते बघा. वही न्या. मोबाईलच्या फोटोत बाजूची चुणी दिसत नाही.

आता कामाचं बोलू. पोशाख सरळ महागड्या कापडात कापू नका; आधी मांजरपाटात करून पाहा. तोही जास्त वाटत असेल, तर फ्रान्सच्या मादलेन व्हियोने यांची युक्ती वापरा. तिरक्या कापाचे कपडे ज्यांच्या नावानं ओळखले जातात, त्या या बाई लहानशा लाकडी बाहुलीवर कापड टाकून पोशाख घडवत आणि मग मोठ्या मापात नेत. सगळी मापं निम्मी घेतली की कापड पावपटच लागतं. छाती ३६ ऐवजी १८, लांबी ५० ऐवजी २५. एकच काळजी घ्या, मापं निम्मी झाली तरी कापडाची जाडी निम्मी होत नाही, म्हणून लहान नमुन्याला मलमलसारखं पातळ कापड वापरा. आणि डमी नाही म्हणून अडू नका. दरवर्षी महालक्ष्म्यांच्या कोथळ्यांना साडी नेसवून, टाचण्या लावून निरी उभी करणाऱ्या हातांना अंगावर कापड टाकून पाहणं नव्यानं शिकवावं लागत नाही.

तिरक्या कापात हात घालणाऱ्यांसाठी थोडं अधिक. काठाशी ४५ अंशांत कापलेलं कापड ताणतं, कारण ओढीच्या रेषेत ताणाही नसतो आणि बाणाही. म्हणून प्रत्येक भाग एकेरी कापडातून कापा. दुहेरी घडीत खालचा थर हमखास सरकतो. डावा आणि उजवा भाग एकमेकांचे उलटे पडले पाहिजेत, नाहीतर घेर एका बाजूला वळतो. गळ्याला आणि काखेला कापल्याबरोबर आधाराची टीप मारून घ्या. गुळगुळीत कापड दात्यांवरून सरकत असेल, तर खाली पतंगाचा कागद धरून शिवा आणि मग तो फाडून काढा. शिवून झालं की एक पूर्ण दिवस टांगून ठेवा आणि त्यानंतरच खालची कड सारखी करून दुमडा. ही घाई केली तर पहिल्याच धुण्यानंतर घेर खाली-वर दिसतो. ४४ इंची पन्ह्यात तिरका कट कापड खातो. आधी जमिनीवर कागद मांडून हिशेब करा.

परीक्षणाबद्दल आमचं मत सरळ आहे. खडे, टिकल्या, तयार लेस आणि मशीननं भरतकाम केलेली पट्टी यांना वेगळे गुण नाहीत. लावायच्या तर लावा. गेल्या काही वर्षांत स्पर्धांमधून दमदार कट चमकीखाली गाडलेले इतके पाहिले की आता चमक दिसली की आधी आतली शिलाईच तपासावीशी वाटते. पोशाख विकण्यासारखा असलाच पाहिजे, अशीही अट नाही. पण घालणारीला त्यात बसता, हात वर करता आणि जिना चढता आलं पाहिजे.

वेळेचाही विचार केलाय. आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात, शाळेचे गणवेश उरकलेले असतात आणि नवरात्राची गर्दी अजून लांब असते. दुकानातले हे थोडे मोकळे दिवस आपण बहुधा राहिलेले ब्लाऊज उरकण्यात घालवतो. यंदा त्यातले काही स्वतःसाठी ठेवा. गावात दोघी-तिघी शिवणाऱ्या असाल तर एकमेकींच्या अंगावर मापं घ्या आणि ट्रायल पाहा. नाव मात्र प्रत्येकीनं स्वतंत्र द्या.

प्रवेशिकेसोबत पोशाखाचे फोटो पाठवताना पुढची आणि मागची बाजू तर हवीच, शिवाय पोशाख उलटा करून आतल्या बाजूचाही फोटो हवा. कोणत्या डिझायनरची कोणती अडचण तुम्ही घेतलीत, ते चार ओळींत लिहा. मांजरपाटाचा नमुना फेकू नका; तोही घडी घालून पाकिटात टाका.