तोडगा की पाया?

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या जाळ्यावर लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण ज्याचे रान चारीच्या टेलाला आहे, त्याला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

माहिती कोणत्या वाटेने धाडायची हे राऊटर नावाची यंत्रे ठरवितात. त्यांच्या एका प्रचलित नियमावलीला ओएसपीएफ म्हणतात. तिच्या दुसऱ्या आवृत्तीचा आज आधारभूत असलेला मसुदा १९९८ सालचा आहे. मोठे जाळे क्षेत्रांत विभागतात आणि प्रत्येक क्षेत्र शून्य क्रमांकाच्या क्षेत्राशी, म्हणजे कण्याशी, जोडलेले असावे असा दंडक आहे. आपल्या मुळा धरणाचा कालवा डोळ्यांसमोर आणा. एखादे क्षेत्र कण्यापासून लांब पडले, तर मधल्या क्षेत्रातून 'आभासी दुवा' टाकतात. शेजाऱ्याच्या रानातून पाट काढावा, तसेच हे!

मधल्या क्षेत्राच्या दोन्ही सीमांवरील राऊटरांवर एकमेकांचा ओळखक्रमांक नोंदवायचा, की दुवा तयार. तो जुळला नाही तर? ओळखक्रमांक बरोबर आहे का, की मागाहून बदलला, हे पाहावे. मधले क्षेत्र 'स्टब' प्रकारचे असेल, तर त्यातून दुवा जातच नाही. दोन्हीकडच्या वेळा जुळल्या पाहिजेत. दुवा हा कण्याचाच भाग. म्हणून कण्याला परवलीचा शब्द लावला, तर दूरच्या राऊटरवरही तो लावावा लागतो. आणि मधल्या क्षेत्रातली वाटच तुटली, तर दुवाही गेला!

दोन संस्थांची जाळी एकत्र करताना किंवा कणा दुभंगला असता हा उपाय मोलाचा आहे. परंतु नवे जाळे आखतानाच तो गृहीत धरणे मला चुकीचे वाटते. तोडगा हा पाया नव्हे.

हे केवळ यंत्रांपुरते आहे काय? २०२० च्या टाळेबंदीत आमच्या वस्तीवरची मुले शेजाऱ्याच्या मोबाईलवर तास ऐकत. शेजारी रानात निघाला, की तास संपला. त्याचे उपकार आहेतच. पण शिक्षण त्याच्या सवडीवर किती दिवस चालावे? आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझ्यासारखे पुष्कळजण आजही कुणाच्या तरी आधाराने इथवर पोहोचतात.

मित्रहो, शेजाऱ्याच्या पाटाने पाणी घेणाऱ्याने त्याचे आभार जरूर मानावेत; पण स्वतःच्या चारीची मागणी सोडू नये.