पंधरा तास आणि दीड वर्षाचे पोर

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच आपल्याकडे पुष्कळ घरांत दुसरी धांदल सुरू होते. कोणाची मुलगी बाळाला घेऊन न्यू जर्सीला परत निघालेली असते, कोणाची सून प्रथमच नवऱ्याकडे चाललेली असते. बॅगांची वजने होतात, चकल्यांचे डबे आत जातात नि बाहेर येतात, आणि ह्या गडबडीत एक प्रश्न मात्र कोणी उघड बोलून दाखवीत नाही : हे दीड वर्षाचे पोर विमानात करणार काय?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुंबई ते लंडन नऊ-दहा तास, आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर थेट जायचे तर पंधरा-सोळा. ह्या तासांचा धसका घेऊन माहेरी येणे वर्ष वर्ष लांबणीवर टाकणाऱ्या मुली मला माहीत आहेत. इकडे आजोबा नातवाला फोनच्या काचेतून पाहत समाधान मानतात. तेव्हा खेळण्यांच्या पिशवीचा विचार वाटतो तितका किरकोळ नव्हे.

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' विमान मुंबईहून पहिल्यांदा लंडनला निघाले, ते कैरो आणि जिनीव्हा येथे थांबत गेले. प्रवास लांबला खरा, पण मध्ये पायाला जमीन तर लागत होती! आता विमान एका दमात जाते. सोय झाली ती मोठ्यांची.

तिकीट काढतानाच दोन गोष्टी पाहून ठेवाव्यात. दोन वर्षांच्या आतले मूल आईच्या मांडीवर बसून जाऊ शकते. पण जाताना पावणेदोनचे असलेले मूल परतीपूर्वी दोन वर्षांचे झाले, तर परतीला त्याची वेगळी जागा लागते. दुसरी गोष्ट पाळण्याची. पुढच्या भिंतीला अडकवायचा तो पाळणा वजनाच्या मर्यादेत बसणाऱ्या तान्ह्यासाठी असतो. धावत्या पोराचे पाय त्यातून बाहेर येतात. अशा पोरासाठी खिडकीची जागा मागण्यातही अर्थ नाही. आपली बरीचशी विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात आणि खिडकीत काळोखाशिवाय काही नसते. त्यापेक्षा वाटेकडेची जागा बरी. पट्टा सोडण्याची खूण झाली की शेजाऱ्यांचे गुडघे न ओलांडता उठता येते. विमानाच्या शेपटाकडे, चहाफराळ ठेवतात तिथे, बहुधा आणखी एखादे पोर आलेले असतेच. त्या दोघांची पाच मिनिटांची ओळख तुमच्या साऱ्या खेळण्यांपेक्षा जास्त पुरते.

आता खेळण्यांकडे वळू. महागडी, दिवे लागणारी, गाणी म्हणणारी खेळणी घरीच ठेवा. चेंडू तर मुळीच नको. तो एकदा निसटला की दहा रांगा मागे जातो. माझे स्पष्ट मत असे, की ह्या वयाच्या मुलाला खेळणे नको असते, काम हवे असते. आजीची चार कप्प्यांची जुनी पर्स द्या : चेन उघडायची, आत डबी, डबीत दुसरी डबी, त्यात चमचा. अर्धा तास कुठे जातो कळत नाही. आणि टिकल्यांचे पाकीट विसरू नका. एक टिकली आईच्या नाकाला, एक स्वतःच्या गुडघ्याला, एक समोरच्या पडद्याला. काढायची आणि पुन्हा लावायची. मात्र प्रत्येक टिकलीचा हिशेब ठेवा, तोंडात जाता कामा नये.

एक युक्ती मोठी गुणकारी. सगळ्या वस्तू वर्तमानपत्राच्या कागदात वेगवेगळ्या गुंडाळून न्या आणि तासाला एकच पुडके बाहेर काढा. वस्तू जुनी असली तरी पुडके नवे असते, आणि कागद फाडण्यातली मौज तर वेगळीच. पहिल्याच तासात सारी पोतडी रिकामी करणाऱ्या आईजवळ उरलेल्या चौदा तासांसाठी काही राहत नाही.

खाऊही असाच, वेळ काढणारा हवा. वाटीभर चुरमुरे एकेक करून वेचायला दिले तर तो खाऊही होतो आणि उद्योगही. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे मात्र नकोत. ती घशात अडकण्याची भीती असते. आणि विमानात हवा फार कोरडी, म्हणून घोट घोट पाणी देत राहावे.

विमान उतरू लागले म्हणजे खरी परीक्षा. आतल्या हवेचा दाब वाढू लागतो, कानाच्या पडद्यामागचा दाब मागे पडतो, आणि पोर कान धरून रडते. गिळताना घसा आणि कान ह्यांमधली नळी उघडते, म्हणून त्या वेळी अंगावर पाजावे किंवा बाटली, कप द्यावा. मूल झोपले असेल तर उठवायचे जिवावर येते, पण उठवावे. झोपेत गिळणे कमी होते. सर्दी असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारलेले बरे.

"जरासे झोपेचे औषध पाजा" असे सांगणारी एखादी मावशी प्रत्येक घरात असते. तिचे ऐकू नये. सर्दीच्या ज्या औषधाने गुंगी येते, त्यानेच काही मुले उलट चेकाळतात, आणि अशा औषधाचे धोके वेगळेच.

चित्रपटांविषयी काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले, की दोन वर्षांच्या आत पडदा नको, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभराहून अधिक नको. घरी हे पाळावे. पण तीस हजार फुटांवर, नवव्या तासाला, पुडकी संपल्यावर आईने हत्तीचे चित्र दाखवले तर तिला अपराधी ठरवायला मी तयार नाही.

कारण रडणे होणारच. मागे एका प्रवासात माझ्या पुढच्या रांगेत एकटीच आलेली मुलगी होती. पोर चाळीस मिनिटे रडत होते. एका गृहस्थांनी तीनदा वळून पाहिले. दर वेळी तिने "सॉरी" म्हटले आणि पोराला अधिकच जोराने थोपटले. शेवटी पलीकडच्या एक पंजाबी बाई उठल्या, काही न बोलता पोराला कडेवर घेऊन मागे गेल्या, आणि तिला म्हणाल्या, "बेटी, तू पहले खाना खा." ती जेवली. जेवताना रडलीही. पोराचे म्हणाल, तर त्याला फक्त नवी कड हवी होती.

ज्यांच्याबरोबर पोर नसते, त्यांनी एवढे तरी करावे : वळून पाहू नये.

अमेरिकेत उतरणार असाल तर पिशवीतली उरलेली केळी, सफरचंदे विमानातच संपवा. ताजी फळे तिथे बहुधा आत नेऊ देत नाहीत. आणि पहिले तीन-चार दिवस पोर रात्री दोन वाजता टक्क जागे होऊन खायला मागेल, कारण त्याच्या पोटात अजून मुंबईची दुपार असते. निजण्यापूर्वी वाटीभर मऊ खिचडी करून झाकून फ्रिजमध्ये ठेवा.