सायकल : नाइलाजाची आणि निवडीची

१९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि त्याच्या तेलावर विसंबलेला क्युबा एकाकी पडला. अमेरिकेची व्यापारबंदी १९६२ पासून होतीच. इंधनाअभावी राजधानी हवानातील बसगाड्या रोडावल्या. सरकारने चीनकडून दहा लाखांहून अधिक सायकली मागविल्या. कामगारांपासून डॉक्टरांपर्यंत अनेकांचे ते नित्याचे वाहन झाले. खाडीखालच्या बोगद्यातून सायकलस्वारांना सायकलीसह नेणाऱ्या खास बसगाड्याही सुरू झाल्या.

ब्रिटिश मेडिकल जर्नलने २०१३ मध्ये या काळाचा ताळेबंद मांडला. १९९१ ते १९९५ दरम्यान नागरिकांचे वजन सरासरी साडेपाच किलोंनी घटले. पुढे मधुमेह व हृदयविकाराने होणारे मृत्यूही कमी झाले. अर्थात, त्यात अन्नटंचाईचाही वाटा होता आणि टंचाईचे गुणगान कोणी करू नये. परंतु दिवस पालटताच वजन पुन्हा वाढले आणि त्यामागोमाग मधुमेहही.

आपल्याकडे पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. १९७२ मध्ये आकुर्डीहून ‘चेतक’ स्कूटर बाजारात आली. ऐपत वाढत गेली तशी सायकल मागे पडली. हवानाने ती नाइलाजाने धरली, पुण्याने सुबत्तेत सोडली.

आपल्या वडशाला मात्र निवडीची मुभा आहे. जमीन सपाट, स्टेशन, बाजारपेठ, शाळा, बँक ही सारी ठिकाणे एकमेकांपासून फार दूर नाहीत. तरीही दिवसभर गादीवर बसणारे आपण किरकोळ वसुलीलाही मोटारसायकल काढतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे शिकवणीला जाणाऱ्या मुलांच्या हाती स्कूटर सोपवितो. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनुसार, अल्पवयीनाकडून वाहन चालविताना गुन्हा घडल्यास पालक वा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. जीवाच्या जोखमीचे मोल तर कोणत्याच वहीत मांडता येत नाही.

वैशाखातील दुपारी किंवा धानाची पोती हलविताना सायकलीचा आग्रह धरणे व्यवहार्य नाही. परंतु सकाळची वसुली, बँकेचा भरणा आणि मुलांची शिकवणी एवढी कामे तरी तिच्यावर सोपवावीत. दुकानापुढे दोन सायकलींची जागा मोकळी ठेवावी. पेट्रोलचा खर्च रोजकीर्दीत दिसतो, बसून राहण्याचा खर्च मात्र साठीनंतर औषधांच्या बिलात दिसतो. तो आजच कमी करणे आपल्या हाती आहे.