‘एडिटमध्ये बघू’ची सवय

माध्यमांच्या वर्गात एक वाक्य मुलांना फार लवकर पाठ होतं : ‘एडिटमध्ये बघू.’ डोक्यावर पंखा घरघरतोय, शेजारी मिक्सर लागलाय, पाहुण्याचा आवाज खोलीभर घुमतोय. तरी कॅमेरा सुरू होतो, कारण फ्रेम छान लागलेली असते. चित्रीकरणाच्या जागी आवाज टिपणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. अधूनमधून महाविद्यालयांत शिकवायलाही जातो. तिथे ध्वनीचा तास बहुतेकदा सॉफ्टवेअर उघडून सुरू होतो. तो तिथून सुरू होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘सर, कुठला माइक घेऊ?’ मी विचारतो, ‘धरणार कुठे?’ माइक बोलणाऱ्यापासून दुप्पट लांब गेला, की त्याचा थेट आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणून छातीवर लावलेला साधा कॉलर माइक कॅमेऱ्यावर बसवलेल्या महागड्या माइकला भारी पडतो.

बाकीच्या मूळ गोष्टीही अशाच बिनखर्चाच्या. गेन, म्हणजे रेकॉर्डिंगची पातळी, लावताना माणसाला त्याच्या नेहमीच्या आवाजात बोलतं करायचं आणि पीक, म्हणजे मीटरवरचं सर्वांत वरचं टोक, उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवायचं. तो मध्येच खळखळून हसला तरी वर जागा उरते. नेहमीच्या डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये शून्याच्या पलीकडे गेलेला आवाज फाटतोच. फ्रिज बंद करायचा आणि आपल्या गाडीची किल्ली त्यातच ठेवायची, म्हणजे निघताना तो पुन्हा सुरू करायला विसरत नाही. फरशीच्या रिकाम्या हॉलपेक्षा गाद्या-कपड्यांनी भरलेली खोली बरी. ती नसेल तर गोधड्या टांगायच्या. मुलाखत संपली की सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करायची. हा रूम टोन हाताशी नसला की प्रत्येक कट कानाला टोचतो.

‘आता एआय सगळं साफ करतं,’ असं मुलं सांगतात. थोडं खरं आहे. पंख्याची एकसुरी गुणगुण चांगली निघते. पण घुमारा काढायला जोर लावला, की ‘स’, ‘श’ची धार आणि ‘ख’, ‘थ’मधला श्वासही त्याबरोबर जाऊ लागतो. मराठीत तर त्या श्वासावर ‘ताट’ आणि ‘थाट’ वेगळे होतात. आजीची मुलाखत अशी धुऊन काढली की आवाज स्वच्छ होतो, पण आजी काय म्हणाली ते पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं.

1931 साली झळकलेला पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ बनत होता तेव्हा स्टुडिओजवळून रेल्वे जायची, म्हणून दिग्दर्शक अर्देशिर इराणींनी रात्री गाड्या थांबल्यावर चित्रीकरण केलं. गोंगाट पुसायची सोय नव्हती, तेव्हा वेळ निवडली गेली. मेंढपाळ धनगरांवरच्या ‘ख्वाडा’ या मराठी चित्रपटाला जागेवरच्या ध्वनिमुद्रणासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोही उघड्या माळरानावर घडणारा असून. जागा आणि वेळ पारखणं हे आजही आमचं पहिलं काम आहे.

आवाजाची रचना ही त्यापुढची पायरी, आणि तिचे उत्तम धडे आपल्या रेडिओत आहेत. ‘पुन्हा प्रपंच’ या नभोवाणी मालिकेतले टेकाडे भावोजी श्रोत्यांना कधी दिसले नाहीत, तरी घरचे वाटत. श्रुतिकेत दाराची कडी वाजली की दार दिसायचं. कुठला आवाज ठेवायचा आणि कुठला गाळायचा, ही निवड तिथे कानाला शिकता येते.

‘लोक रील आवाज बंद करूनच बघतात,’ हा नेहमीचा आक्षेप. बघत असतील. पण पॉडकास्ट गाडी चालवताना, पोळ्या लाटताना ऐकला जातो, आणि तिथे चित्र मदतीला येत नाही. शिवाय मोबाइलच्या इवल्या स्पीकरवर खालचे सूर ऐकूच येत नाहीत. हेडफोनवर भरदार वाटलेलं पार्श्वसंगीत तिथे नाहीसं होतं आणि उच्चार स्पष्ट नसतील तर हाती काहीच उरत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पत्रकारिता आणि जनसंवादाच्या अभ्यासक्रमात पहिला महिना सॉफ्टवेअर उघडूच नये. मुलांनी डोळे मिटून एसटी स्टँड, आठवडी बाजार, वर्गाची खोली ऐकावी आणि काय ऐकलं ते लिहावं. मग मोबाइलवर, चित्र आणि निवेदन दोन्ही वगळून, तीन मिनिटांची गोष्ट रेकॉर्ड करावी. तिला स्वतंत्र गुण असावेत आणि उत्तीर्ण होण्यासाठी ती सक्तीची असावी. त्यानंतर ऑडॅसिटीसारखं मोफत सॉफ्टवेअरही पुरतं. आणि कॅमेरा खरेदीच्या प्रत्येक प्रस्तावात हेडफोनची एक ओळ असावी. सगळ्यांत स्वस्त ओळ तीच असते, आणि कात्री आधी तिलाच लागते.