आधी मीटर, मग पाना

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात जुन्या मोटारसायकलीवर पोट असणारी माणसे थोडी नाहीत. पहाटे कल्याणच्या बाजारातून माल आणणारा भाजीवाला, उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला पॉलिशवाला, अंबरनाथच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणारा कामगार, या सर्वांची रोजी त्या दोन चाकांवर चालते. २००१ साली पल्सर आली आणि पुढच्या काही वर्षांत बटण दाबून सुरू होणारी मोटारसायकल सामान्य माणसाच्या दारात पोचली. त्यातल्या कितीतरी गाड्या १५ वर्षांची नोंदणी संपल्यावर फेरनोंदणी करून आजही धावत आहेत. त्यांची दुरुस्ती करणाऱ्यांत आपले कारागीर बांधव पुष्कळ आहेत, म्हणून हा विषय या पानावर.

‘सेल्फ लागत नाही’ अशी तक्रार आली की मोटरच बदलायची, ही सवय आपल्या धंद्यात वाढली आहे. मोटर बदलूनही गाडी सुरू झाली नाही की रिले, मग बॅटरी. शेवटी दोष सापडतो तो सैल झालेल्या अर्थिंगच्या वायरीत. तोवर गिऱ्हाइकाची आठवड्याची कमाई गेलेली असते.

वास्तविक सेल्फचा दोष शोधणे अवघड नाही, त्याला क्रम हवा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हेडलाइट लावावा, बटण दाबावे आणि कान व डोळे उघडे ठेवावेत. रिलेचा आवाजच आला नाही आणि दिवाही मंद झाला नाही, तर दोष बारीक वायरींच्या बाजूला असतो : फ्यूज, बटण, क्लचचा स्विच किंवा रिलेची कॉइल. पावसाळ्यात बटणात पाणी जाऊन गंज चढतो, हे नेहमीचे कारण. ‘कट-कट-कट’ असा आवाज येऊन दिवा विझू लागला, तर आधी बॅटरी आणि तिची टोके पाहावीत. मोटर फिरते पण इंजिन फिरत नाही, तर वायरिंगला हात लावू नये. दोष वनवे क्लचमध्ये आहे.

एकदाच ‘कट’ आवाज येऊन सारे थंड राहिले, तर खरे काम मीटरचे. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ च्या खाली असेल तर ती चार्ज करूनच पुढे जावे. मग बटण दाबलेले असताना रिलेच्या दोन जाड टोकांवर मीटर लावावा. तिथे जवळजवळ शून्य दिसले पाहिजे. पूर्ण व्होल्टेज दिसले तर रिलेचे आतले पॉइंट जळाले आहेत. नंतर बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि इंजिनची बॉडी यांमध्ये मोजावे. बटण दाबल्यावर अर्ध्या व्होल्टहून जास्त आले तर अर्थिंग खराब. हे सारे ठीक असून मोटरच्या टोकाला व्होल्टेज पोचते आणि तरी ती हलत नाही, तेव्हाच मोटर उघडावी. तिथेही पुष्कळदा कार्बन झिजलेले निघतात, आणि कार्बनचा खर्च नव्या मोटरच्या मानाने किरकोळ असतो. रिलेची टोके पान्याने जोडून ठिणगी पाडण्याची जी पद्धत आहे, ती पेट्रोल गळत असेल तिथे जिवावर बेतू शकते.

आपल्या भागाला पुराचा शापही आहे. २६ जुलै २००५ रोजी आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीचे पाणी वस्त्यांत शिरले. पाण्यात राहिलेल्या गाडीची मोटर लगेच खोलून, सुकवून, साफ केली तर वाचते. महिनाभर तशीच ठेवली तर गंजून जाम होते. हे गिऱ्हाइकाला वेळीच सांगणे हीदेखील सेवाच.

मग कारागीर भाग का बदलतो? कारण गिऱ्हाईक भागाचे पैसे निमूट देते, पण अर्धा तास तपासून एक नट आवळला तर मजुरी द्यायला कुरकुर करते. नाडी पाहण्याची फी हकीम घेतो, मग मेकॅनिकने का घेऊ नये? तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी, ती काम हाती घेण्यापूर्वी सांगावी, आणि बदललेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. सुटे भाग विकणाऱ्या व्यापाऱ्यांनीही अस्सल कोणता आणि नक्कल कोणती हे उघड सांगून भाव करावा. मापात मारणाऱ्यांना इशारा देणारी ‘मुतफ्फिफीन’ ही सूरह केवळ तराजूवाल्यांसाठी आहे असे समजू नये. मालातला ऐब लपवून विकणे आपल्या दीनमध्ये मना आहे. न बिघडलेला भाग बिघडला म्हणून बदलणे त्याहून वेगळे कसे?

यात धंद्याचे भवितव्यही आहे. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ च्या आल्या, कार्बोरेटर जाऊन फ्यूएल इंजेक्शन आले. विजेवरच्या गाडीत तर सेल्फ मोटरच नाही. पण व्होल्टेज कुठे अडते हे शोधण्याची विद्या तिथेही तीच आहे. म्हणून प्रत्येक उस्तादाने आपल्या शागिर्दाच्या हाती पान्याआधी मीटर द्यावा आणि त्याला आयटीआयचा रस्ता दाखवावा. नुसते भाग बदलणारा हात उद्या बेकार होईल. दोष ओळखणाऱ्या हाताला काम मिळत राहील, आणि त्याच्या कमाईत बरकतही असेल.