कडुनिंब कीं झांकण?

गेल्या पावसाळ्यांत माझ्या वर्गांतील तीन मुलें हिंवतापानें अंथरुणास खिळलीं होतीं. तेव्हां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, कडुनिंबाच्या अर्कानें डासांच्या अळ्या मरतात ना? मग टांक्यांना झांकणें कशाला?"

प्रश्न मार्मिक खरा. निंबोळीतील ॲझाडिरॅक्टिन हें द्रव्य अळीला कात टाकूं देत नाहीं, म्हणून तिचा डास होत नाहीं. आजीबाईच्या बटव्यास विज्ञानानें हा मान दिला, याचा मला आनंदच आहे. परंतु उन्हांत हें द्रव्य लवकर निकामी होतें. शिवाय मुंबईंत हिंवताप पसरविणारा डास गटारांत नव्हे, तर स्वच्छ पाण्यांत वाढतो. डॉ. बेंटले यांनीं १९११ च्या अहवालांत शहरांतील विहिरी व टांक्या यांवरच बोट ठेविलें. पुढें कित्येक विहिरी बंद झाल्या. विहिरीचें पाणी पवित्र मानणाऱ्यांस तें फार लागलें.

आतां, गिरगांव-लालबागच्या चाळींत जें पाणी आपण पितों, त्यांत कडू तेल कोण ओतील? अंगणांतील डबक्यांत तें खुशाल टाकावें. अंड्याचा डास व्हावयास साधारण ८-१० दिवस लागतात. म्हणून घरचें पिंप दर आठवड्यास रिकामें करून घासावें. आणि पालकांनीं येत्या रविवारीं गच्चीवर चढून टांकीचें झांकण एकदां स्वतः पाहावें. आमच्या इमारतीचें तीन पावसाळे फुटकेंच होतें.